आपलं नाव बघितलं असेल

बारा वर्षं झाली. एवढ्या काळात हे मी ना बायकोला सांगितलं, ना आईला, ना ज्याच्याबरोबर दर शुक्रवारी बिअर पितो त्या शेजाऱ्याला. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का, ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढं पुरेसं आहे.

आधी गावाबद्दल सांगू द्या. तुम्हाला वाटेल, हा विषय टाळतोय — टाळतोयच थोडासा — पण गाव कळलं नाही तर पुढचं काही कळणार नाही.

जर्मनीत, न्युरेम्बर्गपासून गाडीनं तासाभरावर, बटाट्याच्या आणि मक्याच्या शेतांमध्ये आमचं गाव आहे. एक चर्च, एक बेकरी, एक आगीचा बंब आणि तो चालवणारे आम्ही गावचेच हौशी लोक. बस दिवसातून चारदा येते, तीही शाळा चालू असेल तर. बेकरीतली बाई मला दारात बघूनच चार ब्रोटशन, म्हणजे छोटे पाव, पिशवीत टाकते. उन्हाळ्यात सकाळी दार उघडलं की पायरीवर झुकिनी पडलेली असते — कुणी ठेवली, पत्ता नाही. शिल्पा, म्हणजे माझी बायको, तिची थालीपिठं लावते आणि त्यातली दोन शेजारच्या रोझी ओमाकडे जातात. ओमा म्हणजे आजी. ती आमची कुणी नाही, पण माझ्या दोन्ही मुली तिच्याच स्वयंपाकघरात अर्ध्या वाढल्या. थोरली सई चेरीच्या झाडावरून पडली होती, तेव्हा आम्हाला फोन यायच्या आत ओमा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलेली. कराडला माझ्या लहानपणी असंच होतं, पोरं सगळ्या आळीची असायची. नंतर पुण्यात नोकरी केली, तिथे ते कधी मिळालं नाही. मिळालं ते इथे.

मी सुखात आहे. उगाच रडगाणं गाणारा माणूस नाही मी. शिल्पाही सुखात आहे, असं मला वाटतं. वाटतं म्हणतो, कारण तिला विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

तर बारा वर्षांपूर्वी. सई सात वर्षांची होती, धाकटी रेवा जन्मायची होती. आम्ही या गावात येऊन दोन वर्षं झालेली. माझी नोकरी न्युरेम्बर्गला, घर इथे मिळालं म्हणून इथे. शिल्पा मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेली बाई — पुण्यात लॅबमध्ये तिच्या हाताखाली चार माणसं होती — आणि इथे ती दिवसभर खिडकीतून गाई बघायची. मला म्हणायची, आता मी यांच्याशीच बोलायला लागणार आहे, निदान त्या मान तरी हलवतात. मी हसायचो. मला ते विनोदी वाटायचं.

मग तिनं गुपचूप अर्ज केले आणि उंटरश्लाइसहाइमच्या एका लॅबमध्ये तिची निवड झाली. म्युनिकच्या बाजूला, इथून दोन तास. मराठी माणसं भरपूर, गणपती, शनिवारची मराठी शाळा, दाराशी एस-बान, म्हणजे लोकल. अट एकच, महिन्याभरात तिकडे राहायला जायचं. मी काय म्हणालो? म्हणालो, वा, जाऊ की. मी न्युरेम्बर्गला येऊन-जाऊन करीन. आमच्या घराण्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही आणि कुणाचं एक कामही केलं नाही.

म्युनिककडे भाड्यानं घर मिळवणं काय असतं, हे तिथे शोधलेल्यालाच कळेल. मुलगी दाखवायचा कार्यक्रमच तो — फक्त इथे अख्ख्या कुटुंबानं नवरी व्हायचं. शिल्पानं फाइल बनवली. पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, तिघांचा फोटो. आणि वर एक पत्र, तिनं स्वतः हातानं लिहिलेलं, जर्मनमध्ये. तेव्हा तिचं जर्मन यथातथाच होतं. चार दिवस ते पत्र चाललं होतं, शब्दकोश मांडीवर घेऊन. मी मदत करू का विचारलं तर म्हणाली, नको, माझ्या चुका माझ्याच असू देत.

शनिवारी घर बघायला गेलो. जिन्यात माणसांची रांग. घरमालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. शिल्पानं त्यांना बेसनाचे लाडू नेले होते. मी म्हटलं होतं, असलं काही नेऊ नकोस, लाच दिल्यासारखं दिसेल. त्या बाईंनी तिथेच उभ्या-उभ्या एक खाल्ला आणि सईला विचारलं, तुझी खोली कुठली करायची? सईनं बोट दाखवलं. परतताना शिल्पा गाडीत गाणं गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मी विसरून गेलो होतो.

फोन आला पुढच्या शुक्रवारी दुपारी. त्या दिवशी मी रजा घेतली होती, आमच्या गावची केरवा होती म्हणून. केरवा म्हणजे आपल्याकडची जत्रा म्हणा. जंगलातून एक भलंमोठं झाड तोडून आणतात, सोलतात, शेंड्याला फिती बांधतात आणि गावातले पुरुष ते चौकात उभं करतात — क्रेन नाही, काही नाही, लांब काठ्यांच्या कैच्या लावून, एका आवाजावर रेटत रेटत. बाहेरच्या माणसाला त्या काठीला हात लावू देत नाहीत. दोन वर्षं मी बायकापोरांच्या घोळक्यात उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या वर्षी शेजारचा येऊन म्हणाला, उद्या नऊ वाजता ये, तुला तिसऱ्या कैचीवर घेतलंय.

तुम्हाला हसू येईल. चाळिशीकडे झुकलेला माणूस, इंजिनिअर, आणि एका काठीपायी रात्रभर झोपला नाही. पण खरं सांगू? पुण्यात मी हजारातला एक होतो. तिकडे म्युनिकला गेलो असतो तर पुन्हा तेच, कुणाची गाडी कुठली, कुणाची बढती झाली, कुणाचा मुलगा गणितात पहिला. आणि बायको माझ्यापेक्षा हुशार, हे त्या लोकांना पहिल्याच भेटीत कळलं असतं. इथे कुणाला माहीतच नव्हतं. इथे मी तिसऱ्या कैचीवर होतो.

झाड अर्धं वर गेलं होतं, दम खायला थांबलो होतो. खिशात फोन वाजला. अर्जावर नंबर माझा होता, कारण फोनवरचं जर्मन शिल्पाला झेपायचं नाही. मी चौकाच्या कडेला गेलो. हाताला राळ चिकटलेली.

त्या बाई म्हणाल्या, मी तुम्हालाच घर द्यायचं ठरवलंय. म्हणाल्या, तुमच्या पत्नीचं पत्र मी दोनदा वाचलं.

आणि मी म्हणालो, आभारी आहे, पण आमचा बेत बदललाय.

एवढंच. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती, घाई नव्हती, विचार करून सांगतो म्हणता आलं असतं.  त्या म्हणाल्या, फार वाईट वाटलं, पत्नीला नमस्कार सांगा. मी परत येऊन काठीला खांदा लावला. झाड उभं राहिलं. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या आणि मला — हे लिहायला लाज वाटते — मला फार आनंद झाला.

पण कबुली ही नाहीच. म्हणजे हीसुद्धा आहे, पण एवढीच असती तर ती कदाचित मी कधीतरी शिल्पाला सांगितली असती, ती भांडली असती, चार महिने बोलली नसती, आणि मिटलं असतं. खरी गोष्ट पुढे आहे.

संध्याकाळी घरी आलो. म्हटलं, त्या बाईंचा फोन आला होता, घर दुसऱ्याला दिलं. शिल्पा म्हणाली, का? मी म्हटलं, कारण थोडंच सांगतात. तर ती म्हणाली, मी स्वतः फोन करते. मोडकंतोडकं का होईना, विचारते. त्यांच्या ओळखीत दुसरं घर असेल कदाचित, किती छान बोलल्या होत्या त्या. आणि तिनं हात पुढे केला, नंबर दे म्हणून.

मी सांगितलं, काही उपयोग नाही गं. आपलं नाव बघितलं असेल.

तिचा हात तिथेच राहिला. मग तिनं तो मागे घेतला.

हे वाक्य मला कुठून सुचलं? कुठून म्हणजे काय, ते हवेतच असतं. फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला राहणाऱ्या माझ्या मित्राला खरंच नावावरून तीन ठिकाणी नकार आलाय. असं होतं, नाही असं नाही. म्हणूनच ते इतकं सहज पटलं. पण त्या बाईंनी तसं केलं नव्हतं. त्यांनी तेवढ्या सगळ्या रांगेतून आम्हाला निवडलं होतं, शिल्पाच्या चुकांसकट तिच्या पत्राला निवडलं होतं. आणि मी नसलेलं पाप त्यांच्या माथी मारून मोकळा झालो, फक्त एक फोन अडवायला.

शिल्पानं दुसरं घर शोधलंच नाही, ती नोकरी सोडून दिली. पुन्हा कुठे अर्ज केला नाही. पुढच्या वर्षी रेवा झाली. मग ती बालवाडीच्या स्वयंपाकघरात जायला लागली, आता तर तिच्याशिवाय तिथलं पान हलत नाही. गावात तिला माझ्यापेक्षा जास्त लोक हाक मारतात. जर्मन तर माझ्यापेक्षा चांगलं बोलते, इथल्या लोकांसारखा फ्रँकिश हेल काढून. पण लिहीत नाही. शाळेचा अर्ज असो, विम्याचं पत्र असो, माझ्यापुढे सरकवते. म्हणते, तू लिही, तुझी सही दिसू दे. मी लिहितो. बारा वर्षं मी तिच्या वतीनं सगळं लिहितोय, आणि लोक म्हणतात, बघा किती करतो बायकोचं.

एवढ्यावरही मी गप्पच राहिलो असतो. पण मागच्या उन्हाळ्यात सईला म्युनिकच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, हॅनानं, दोघींत मिळून घर शोधायचं ठरवलं. सई स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन अर्ज लिहीत होती. शिल्पा तिच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, तुझं नाव काढ. फक्त हॅनाचं टाक. फोटोही तिचाच लाव.

सई जर्मनमध्ये म्हणाली, आई, असं काही नसतं. ती तशीच आहे, आपण मराठीत विचारायचं, ती जर्मनमध्ये झटकून टाकणार. तेव्हा शिल्पा समोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. जिना, रांग, लाडू, तुझी खोली कुठली म्हणून विचारलं होतं ते, चार दिवस लिहिलेलं पत्र. शांतपणे सांगितलं. तिला एकेक गोष्ट आठवत होती. म्हणाली, इतकं गोड बोलून त्यांनी आपलं नाव वाचलं आणि फाइल बाजूला ठेवली. तुला हे कळलेलं बरं, म्हणजे नंतर लागणार नाही.

सईनं माझ्याकडे बघितलं. तिनं मराठीत विचारलं, बाबा, खरंच असं झालं?

शिल्पाही माझ्याकडे बघत होती. काय होतं माझ्याकडे, बारा वर्षांपूर्वीसारखी काठी नव्हती की झाड नव्हतं. मोठी मुलगी होती, तिला एक गोष्ट खरी कळायला हवी होती, आणि ती फक्त मलाच माहीत होती.

मी म्हणालो, हो.

सईनं लॅपटॉपच्या पडद्याकडे तोंड वळवलं आणि आपलं नाव पुसलं. एकेक अक्षर मागे जाताना मी बघितलं.

घर मिळालं. सप्टेंबरात मी तिचं सामान घेऊन गेलो. ती आधीच वर होती. दारापाशी बेलच्या पाट्या होत्या, आणि त्यांच्या मजल्यासमोर एकच आडनाव, हॅनाचं. इथे बेलवर नाव नसेल तर टपाल येत नाही, म्हणून सईची पत्रं अजून आमच्याकडेच येतात. नंतर फोनवर तिला विचारलं, तर म्हणाली, असंच सोपं पडतं, बाबा.

मी खोकं खाली ठेवलं, हॅनाच्या नावाची बेल दाबली, आणि माझ्या मुलीनं दार उघडलं.