रेडिओ बोलेना, तेव्हा बोललेले वामनराव

श्री. वामनराव चुरी प्रथम आमच्या घरी आले ते विमा विकायला, आणि न विकताच परत गेले. मी घाईत सही करू लागले तेव्हा त्यांनी कागद मागे ओढला. "बाई, आधी नीट समजून घ्या. आग लागली तर भरपाई आहे, आकाशातली वीज पडली तरी आहे. चोरी झाली तर काही मिळायचं नाही. यजमानांशी बोला, मी पुन्हा येईन." विमा एजंट असा असतो हे मला नवीन होते. पुढच्या खेपेला आम्ही त्यांच्याकडूनच घराचा आणि घरातल्या सामानाचा विमा उतरवला.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यजमान वीज केंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियर, मी तारापूरच्या शाळेत शिक्षिका. गावात वीज नुकतीच आलेली. आम्ही रेडिओ घेतला आणि त्याची एरियलची तार परसातल्या माडाला बांधली. हळूहळू जवळच्या दांडी गावच्या कोळणी संध्याकाळी आमच्या ओट्यावर जमू लागल्या. त्यांना गाणी नको असत, हवामानाची बातमी हवी असे. वादळाचा इशारा असला की त्यांच्यातली जानकीबाय पदर खोचून किनाऱ्याकडे धावत सुटे, आणि त्या दिवशी होड्या निघत नसत.

नवरात्राच्या तोंडावर एका संध्याकाळी त्या माडावर वीज कोसळली. रेडिओतून कडाड आवाज झाला, धूर निघाला आणि तो कायमचा गप्प झाला. कंपनीचे निरीक्षक आले. चकचकीत पेटी पाहून "बाहेरून शाबूत आहे, दुरुस्त होईल" असे म्हणाले आणि जेमतेम दोन व्हॉल्व्ह येतील एवढी रक्कम मंजूर करून गेले. पालघरच्या दुरुस्तीवाल्याने तर आधीच सांगितले होते की आत सगळे जळून गेले आहे, नवाच घ्यावा लागेल. यजमान म्हणाले, "मिळतंय ते घेऊन गप्प बसू."

जानकीबाय मात्र उसळली. "गप कशाला बसायचं? आमचे धनी दर्यात हायेत. वादळ येनार हाय का नाय, ते आमाला आता कोन सांगनार?"

वामनरावांना कळवले. ते आले, ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "सही करू नका."

त्यांनी कंपनीच्या पालघर शाखेत दोनदा तक्रार केली. दुसऱ्या वेळी शाखेच्या साहेबांनी त्यांना सरळ विचारले, "तुम्ही एजंट कंपनीचे की गिऱ्हाइकाचे? एजन्सी जाईल, लक्षात ठेवा." घरी तीन मुले शिकत होती आणि एजन्सीखेरीज दुसरे उत्पन्न नव्हते. तरी वामनरावांनी उत्तर दिले, "साहेब, ह्यांना शब्द मी दिलाय, आणि तो कंपनीच्या वतीनं दिलाय."

तिसऱ्या खेपेस ते आमचा रेडिओच घेऊन निघाले. सोबत मी, आणि नको म्हणत असतानाही जानकीबाय. त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. खोलीभर जळका वास पसरला. वामनराव नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वतः लावून बघा. बोलला तर कंपनीची रक्कम योग्य. आम्ही निमूट परत जाऊ."

साहेबांनी वायर उचलली, प्लगपर्यंत नेली आणि हात मागे घेतला. "छे! भडका उडायचा एखादा. ऑफिस जळेल माझं."

"मग हाच रेडिओ बाईंनी आपल्या घरात लावायचा?"

जानकीबाय एवढ्या मोठ्याने हसली की बाहेरचे कारकून दारात जमा झाले. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण माणूस सरळ होता. त्यांनी निरीक्षकांना बोलावून विचारले, "तुम्ही हा लावून पाहिला होतात?" निरीक्षकांनी मान खाली घातली. त्याच दुपारी पूर्ण भरपाई मंजूर झाली.

नवा रेडिओ बोईसरहून टांग्यात आला तेव्हा दांडीच्या बायका वेशीवर उभ्या होत्या. जानकीबायने त्याला कुंकू लावले, मग वामनरावांना. "आमचा वकील!" ती ओरडली, आणि वामनराव लाजून टांग्यामागे लपले.

त्यांची एजन्सी टिकली. पण त्या वर्षीचा बोनस मात्र कंपनीने दिला नाही. हे आम्हाला त्यांच्या पत्नी लीलावहिनींकडून कळले, तेही पुष्कळ उशिरा. वामनरावांनी कधी चकार शब्द काढला नाही. पुढे दातिवऱ्याचा एक कोळी होडी बुडाली तर पैसे मिळतील अशा समजुतीने घराचा विमा घ्यायला निघाला, तेव्हा हातचे गिऱ्हाईक सोडून त्यांनी त्याला बजावले, "बाबा, हा कागद घराचा हाय, होडीचा नाय. होडीसाठी पैसं साठव." त्या कोळ्याचे सारे भाऊबंद आज त्यांचे गिऱ्हाईक आहेत.

वामनरावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरव अंकासाठी काय लिहू, असे मी परवा जानकीबायला विचारले. मासळी निवडता निवडता ती म्हणाली, "लिवा, देव त्यांना दांडगं आयुष्य देवो. आनि अजून कोनाशी भांडायचं असंल तर एकट्यानं जाऊ नका म्हनावं. आमी हाव."

तिच्या आशीर्वादात माझाही मिळवते. वामनरावांना उत्तम आरोग्य लाभो, लीलावहिनींची साथ लाभो, आणि शंभरीच्या समारंभाला आपण सर्वांनी पुन्हा असेच जमावे.