घाटमाथ्यावरची शिट्टी

ती घटना मी विसरलो, असं घरी अधूनमधून सांगतो. घरच्यांचा विश्वास बसत नाही, माझाही बसत नाही. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, चोरीच्या म्हशी हुडकून काढल्या. पण निवृत्त सहकारी भेटले की त्यांना ऐकायचा असतो तो हाच एक अपघाताचा गुन्हा. कारण सरळ आहे. यात आरोपीपेक्षा माझीच फजिती जास्त झाली.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि आंबेगाव तालुक्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. हद्दीत एक लहान घाट. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. उसाचा हंगाम लागला की पारगावच्या बाजूला कारखान्याकडे जाणारे भरलेले ट्रक दिवसभर तो घाट उतरायचे. घाटमाथ्यावर, रस्त्याच्या कडेला म्हसोबाचं ठाणं. प्रत्येक ड्रायव्हर तिथं गाडी लावणार, खाली उतरणार, गाडीला वळसा घालून एकेका चाकाला मधोमध हात टेकवणार, मग तोच हात कपाळाला लावून म्हसोबाला नमस्कार करणार आणि मगच उताराला लागणार. एका गाडीला पाच-सात मिनिटं. मागे रांग.

एके दिवशी त्या रांगेत आमच्या वरिष्ठांची जीप अडकली. त्या संध्याकाळी बिनतारीवर मला जे ऐकावं लागलं, ते कागदावर उतरवण्याजोगं नाही. दुसऱ्याच दिवशी मी लेखी आदेश काढला : घाटमाथ्यावर अवजड वाहनांनी थांबू नये. एक प्रत ठाण्याच्या भिंतीवर चिकटवली, माथ्यावर फलक लावला आणि एक शिपाई शिट्टी देऊन उभा केला.

आमचे हवालदार जुन्नरकडचे, नोकरीत माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. म्हणाले, "साहेब, त्या थांब्याच्या वाटंला जाऊ नगा. लई जुनी रीत हाय ती."

मी म्हणालो, "हवालदार, एकविसावं शतक लागलंय."

हे वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं होतं की त्या आठवड्यात मी ते आणखी तिघांना ऐकवलं. रांग संपली. मासिक बैठकीत वरिष्ठांनी माझं नाव घेतलं. मी छाती काढून परत आलो.

आणि तीनच आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, उसानं भरलेला एक ट्रक घाट उतरताना शेवटच्या वळणावर एका बैलगाडीला धडकला. गाडीवान बीडकडचा ऊसतोडणी कामगार होता. त्याचा पाय मोडला. बैल वाचले. ट्रक पुढे डोंगराच्या कडेला घासून थांबला होता. जमाव जमलेला पाहून ड्रायव्हर पळाला होता.

पंचनामा केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली, हयगयीने वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल केला. दुपारी ठाण्यात फोन वाजला. फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"साहेब, त्यो ड्रायव्हर टाईट व्हता. शिनोलीला मेव्हण्याकडं लपलाय. वरच्या आळीला, निळ्या दाराचं घर."

निनावी फोनवर एवढा सविस्तर पत्ता मिळाला की तरुण अधिकाऱ्याच्या अंगात येतं. माझ्याही आलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच चार शिपाई घेऊन मी त्या घराला वेढा दिला. दोघं मागच्या दाराशी, एक गोठ्यापाशी, एक बांधावर. मी स्वतः पुढच्या दारावर थाप मारली. दार उघडंच होतं. आरोपी ओसरीवर बसून दाढी करत होता. पंचेचाळीशीचा, सडपातळ माणूस, अर्ध्या गालावर साबण.

"या साहेब. मी ठाण्यातच निघालो व्हतो," तो म्हणाला. "तुमी गाडी आणलीत, एस्टीची वाट बघायची वाचली. तेवढी दुसरी बाजू उरकू का?"

एवढ्यात गोठ्यापाशी लपलेल्या शिपायाला म्हशीनं ढुशी दिली आणि आमचा वेढा सगळ्या आळीला कळला. आतून मेव्हण्याच्या बायकोनं विचारलं, "पाच कप टाकू का सहा?"

ठाण्यात आणून मी चौकशी सुरू केली. माझी खात्री होती की एकतर हा प्यायलेला होता, नाहीतर झोपला होता. माझे प्रश्नही त्या दोनच रुळांवरून धावत होते.

"किती प्यायला होतास?"

"घेतच न्हाई साहेब. तपासायला न्या."

"मग झोप लागली असणार. रात्री किती झोपलास?"

"चांगला झोपलो की. आदल्या सांजेला गाडी भरून लावली, जेवलो अन् आडवा झालो. कारखान्यावर नंबर दुपारचा व्हता. झोप मोडून कशाला निघू?"

"सकाळी काय खाल्लंस?"

"भाकरी अन् चटणी. पोट तट्ट भरून मी गाडीवर बसत न्हाई. जेवण जड झालं की डोळा जड होतो. दोन-अडीच तासांनी उतरून चालतो, पाणी पितो. वीस वर्सं झाली, एक ओरखडा न्हाई."

"मग काल काय झालं?"

"ब्रेक लागला न्हाई."

अपघात करणाऱ्या दहांपैकी नऊ ड्रायव्हर हेच सांगतात, हे मला पाठ होतं. मी हसलो. त्यानं खाली पाहिलं.

"साहेब, लायसन जाईल का?"

"लायसनचं काय घेऊन बसलास? शिक्षा होईल."

"शिक्षा भोगीन. पर लायसन गेलं तर मालक गाडी देणार न्हाई, कोणच देणार न्हाई. मला दुसरं काय बी येत न्हाई, साहेब."

हे तो रडून बोलला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. रडणारे फार पाहिले होते. हा हिशेबी माणसासारखा, शांतपणे बोलला. ते डोक्यात राहिलं.

मोटार वाहन निरीक्षकांनी ऊस उतरवलेला ट्रक तपासला आणि ब्रेक कार्यक्षम असल्याचा दाखला दिला. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण तपास स्वतः करावा, अशी मला हौस. मी आमच्या पोलीस ड्रायव्हरला ट्रक ठाण्याच्या पटांगणात चालवायला लावला, शेजारी बसलो आणि ऐटीत हुकूम सोडला, "दाब!" त्यानं दाबला. मी थेट समोरच्या काचेवर. टोपी बाहेर, कपाळावर टेंगूळ. ब्रेक उत्तम असल्याचा याहून पक्का पुरावा कोणता? हवालदारांनी टोपी झटकून हातात दिली आणि तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. आरोपी खोटं बोलतोय, असं मी तपास टिपणात लिहून टाकलं.

माझ्या खात्रीला पहिला तडा गेला तो ग्रामीण रुग्णालयात. जखमी गाडीवानाचा जबाब घ्यायला गेलो होतो. पायाला प्लास्टर, चेहऱ्यावर राग नाही.

"साहेब, तो वरच्या वळणापासून हॉर्न दाबीत होता. एकसारखा," तो म्हणाला. "गाडी डोंगराला घासून थांबवाया बघत होता. पत्र्याच्या ठिणग्या उडत्याल्या म्या बघितल्या. मी बैल काढीपर्यंत आला. त्यानं मुद्दाम दरीच्या अंगाला घातली असती तर मी वाचलो असतो, पर तो गेला असता. ते कसं म्हणू मी?"

परतताना जीपमध्ये मी हिशेब जुळवत होतो. झोपलेला माणूस हॉर्न दाबत नाही. झिंगलेला माणूस डोंगराची कड धरत नाही. मग उरलं काय?

हवालदार म्हणाले, "साहेब, जुन्नरला एक मिस्तरी हाय. चाचा म्हणत्यात सगळे. गाडी नुसती येकदा त्यांना दाखवू."

चाचा सत्तरीचे होते. जुन्नरच्या बाजारपेठेबाहेर त्यांच्या घराण्याचं तीन पिढ्यांचं दुकान. आधी टांग्यांची चाकं, मग ट्रकची. ठाण्याच्या आवारात आले, चष्मा पुसला आणि कुणालाही न विचारता मागचं चाक खोलायला बसले. ड्रायव्हरला मी मुद्दाम तिथं उभा केला होता, म्हणजे त्याचं खोटं त्याच्यासमोर उघडं पडावं.

चाक निघालं, ब्रेकचा ड्रम निघाला. चाचांनी आतून बोट फिरवलं.

"साहेब, इकडं या. काय दिसतंय?"

"लोखंड."

"रंग बघा की."

लोखंडावर निळसर झाक होती. आतलं ब्रेकचं लायनिंग काचेसारखं चकचकीत झालं होतं.

"हे तापलंय. लई तापलंय," चाचा म्हणाले. "असा ड्रम तापला की तुमी पायानं दाबा न्हाईतर नाचा, गाडी थांबत नाय. अन् गार झाला की परत सुतासारखा सरळ. तुमी कधी तपासला?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हंजे ताप उतरल्यावर नाडी धरली." त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. टेंगूळ अजून होतं. बहुतेक त्यांना सगळी हकिगत आधीच कळली होती.

"पण तापला कशानं? घाट तर वाटेच्या शेवटी लागतो."

चाचा ड्रायव्हरकडे वळले. "ब्रेक कवा आवळलेस?"

"आदल्या सांजंला, चाचा. मीच आवळले."

"अंमळ जास्त आवळलेस. सपाटीलाच घासत आला तू." मग ते थांबले, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पर ब्रेक आवळल्यावर पहिल्या फेरीला हात लावून बघायचा, हे तुला मी सांगायला पायजे का? चाकाला हात लावला की चटका बसतो, शेंबड्या पोरालाबी कळतं. म्हसोबापाशी उतरला नाहीस का रं?"

 हवालदार एकाएकी बुटांची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती.

"उतरत व्हतो," ड्रायव्हर म्हणाला. "दार उघडलं, एक पाय खाली टाकला. शिट्टी वाजली. पोलीस म्हणला, चल पुढं, न्हाईतर पावती फाडीन. मागं गाड्या व्हत्या. म्हणलं, दहा मिनिटांचा तर उतार, जाऊ हळूहळू. तिथं चुकलो मी."



मला वाटत होतं, हे ड्रायव्हर देवाला हात जोडायला थांबतात. ते जोडतही होते. पण चाकाला टेकवलेला हात आधी ताप बघत होता, हवा बघत होता, ढिला नट बघत होता; मग कपाळाला जात होता. कुण्या शहाण्या माणसानं पूर्वी कधीतरी ही तपासणी देवाच्या पायाशी बांधून ठेवली असणार, म्हणजे कुणी आळस करणार नाही. मी ती एका कागदानं सोडवली होती. वर बैठकीत शाबासकी घेतली होती.

"हे तू पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?" मी ड्रायव्हरला विचारलं. आवाज चढवायचा प्रयत्न केला, चढला नाही.

"कसं सांगणार साहेब? आदेश तुमचा, शिट्टी तुमची, अन् विचारणार बी तुमीच. वर म्हसोबाचं नाव घेतलं असतं तर तुमी आणखी हसला असता."

खरं होतं. मी हसलो असतो.

त्या संध्याकाळी मी तपासाचा कागद लिहायला टेबलाशी बसलो. सोयीची वाट समोर होती. ब्रेक त्यानं चुकीचे आवळले, हे तर त्यानंच कबूल केलं होतं. तेवढंच लिहिलं असतं तरी गुन्हा उभा राहत होता. शिट्टीचा उल्लेख नसता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हवालदार चहा घेऊन आले, उभे राहिले.

"काय हवालदार?"

"काय न्हाई साहेब. एकविसावं शतक लागलंय, म्हणलं कागद कसा लिवत्यात बघावं."

मी कागद लिहिला. वरिष्ठांकडे स्वतः गेलो आणि सांगितलं, या गुन्ह्यात माझा आदेश आड येतो, तेव्हा तपास दुसऱ्याकडे द्या.  त्या रांगेत आपलीच जीप अडकली होती, हे त्यांनाही आठवलं असावं. तपास शेजारच्या ठाण्यातल्या एका उपनिरीक्षकाकडे गेला. त्यानं माझा जबाब माझ्याच कार्यालयात, आरोपी बसायचा त्या लाकडी खुर्चीवर बसवून घेतला. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बसलेला माणूस डुगडुगत असला की आम्ही लिहायचो, 'आरोपी घाबरलेला दिसला.'

खटला घोडेगावच्या न्यायालयात उभा राहिला. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. न्यायाधीशांनी विचारलं, "थांबण्यास मनाई कोणत्या अभ्यासाच्या आधारे केली?"

"अभ्यास केला नव्हता, साहेब."

"कुणा वाहनचालकाला, मिस्तरीला विचारलं?"

"नाही."

"मग कुणाला विचारलं?"

"कुणालाच नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. चाचांची साक्ष झाली, गाडीवानाचीही झाली. त्यानं हॉर्नची हकिगत तशीच सांगितली. ड्रायव्हर निर्दोष सुटला. लायसन राहिलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी अजून जपून ठेवली आहे. माझ्या प्रशस्तिपत्रांपेक्षा तिची भाषा चांगली आहे.

फलक काढला. बांधकाम खात्याच्या मागे लागून माथ्यावर मुरूम टाकून घेतला, म्हणजे चार ट्रक रस्ता सोडून उभे राहू शकतील. आठ ओळींचा आदेश काढायला मला दहा मिनिटं लागली होती. तो मुरूम पडायला दीड वर्ष लागलं.

निकालाच्या दिवशी न्यायालयाबाहेर ड्रायव्हर भेटला. मला वाटलं, हात जोडेल, आभार मानेल. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, पिंजऱ्यात लई घाम येतो न्हाई?"

"येतो," मी म्हणालो.

"उभ्या उभ्या पाय आखडत्यात. आता लगीच जीपमधी बसू नगा, जरा चाला," असं म्हणून तो मला चहाच्या टपरीपर्यंत चालवत घेऊन गेला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. त्यांना वाटतं, मी ब्रेकबद्दल काही सांगेन. मी एवढंच सांगतो : त्या माणसाला मी किती प्यायलास, किती झोपलास, काय खाल्लंस, सगळं विचारलं. गाडी थांबवायला काय अडचण आली, हे मात्र एकदाही विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच सहीनं, माझ्याच ठाण्याच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं आणि मी रोज त्याच्यासमोरून जाऊन खुर्चीवर बसत होतो.