कोऱ्या पानांची फाईल
मळीचा वास आला की साखर कारखान्यातलं आमचं ऑफिस आठवतं. नव्या सॉफ्टवेअरची हेल्प फाईल, म्हणजे ते कसं वापरायचं याची माहिती, मी माझ्या कॉम्प्युटरवरच्या शेअर फोल्डरात ठेवली होती; बाकीच्यांनी ती नेटवर्कवरून उघडायची. माझ्याकडे ती नीट दिसे. बाकीच्यांकडे उघडे, पण पानं कोरी. जेवणाच्या सुट्टीत उसाच्या वजनकाट्यावरचे एक म्हातारे कारकून गुपचूप माझ्या खुर्चीत बसत. उद्योग ह्यांचेच, मी ठरवूनच टाकलं. एकदा पकडलंच. "काका, काय खोडसाळपणा चाललाय?" त्यांनी वही पुढं केली. "लिहून घेतोय, सायेब. आमाला कोरंच दिसतंय. लोकं म्हंत्यात, पानं तुमीच लपवलीत." नेटवर्कवरून आलेल्या फाईलीवर संशय घेऊन बाकीच्यांचा कॉम्प्युटरच पानं अडवत होता, हे नंतर कळलं. त्याला तसं शिकवलेलं असतं. मला कुणी शिकवलं होतं?