मागे वळून न पाहण्याची कॅसेट

तेलगावच्या कॅसेटच्या दुकानातल्या काकांचे उपकार आधी सांगतो. सातवीतून शाळा सोडून मी कोकणातून तिथल्या कापसाच्या जिनिंगवर कामाला आलो होतो. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी काकांच्या बाकड्यावर बसून यशस्वी होण्याच्या कॅसेटी ऐकायचो. कॅसेटमधला माणूस छान बोलायचा, पण आपलं काही ऐकायला थांबायचा नाही. ‘मागे वळून पाहू नका,’ असं तो म्हणाला आणि मी घरी पत्र लिहिणंच सोडलं. धीर मात्र आला नाही, धास्तीच वाढली.

काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी टेप बंद केला.

“कावून बे, त्याला तुझी माय ठावूक हाय का? आदी घरी कागद टाक.”

आंतरदेशीय पत्रही त्यांनीच दिलं. मी ते तिथेच बसून आईला लिहिलं. आईला एकदा त्याच बाकड्यावर नेऊन बसवीन, म्हणजे काकांना तरी ती ठाऊक होईल. त्यांचे उपकार मी तसेच फेडीन.