आईचे सोमवार

आई चुलीपुढे बसायची आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळायचं नाही. वडील काही विचारायचे, ती नुसती बघायची. कल्याणच्या आमच्या आळीत बायका म्हणायच्या, हिच्या आईलाही असंच होतं. तेव्हापासून माझ्या मनात धास्ती, आता पुढे मी.

लग्न होऊन डोंबिवलीला आले. ते दुखणं माझ्याकडे येऊ नये म्हणून मी आई करायची तेच सोमवारचे उपास धरले. मग गुरुवार, चतुर्थी, एकादशी. दिवसभर चहा आणि मूठभर दाणे. संध्याकाळी सगळ्यांची पानं उठली की उरलेलं. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर ते आलंच. नळाखालची बादली भरून वाहायची आणि मी बघत उभी. एका जागी बसवेना, उठून काय करायचं तेही सुचेना.

"आईच्या वळणावर गेली," सासूबाई म्हणाल्या आणि मला कल्याणला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. "काय खाता?"

सासूबाईच बोलल्या, "खाते की सगळं! आमच्याकडे काय कमी आहे?"

"मग डोळे असे पांढरेफटक का? उपास करते?"

"भारी देवभोळी आहे हो. चालूच असतात तिचे."

"अंगावर पाजणारीला उपाशी ठेवायला देवाने सांगितलंय होय? आईकडून थोडं येतही असेल. पण आधी हिला दोन्ही वेळा पोटभर जेवू घाला. डाळ, पालेभाजी, दूध. मग बघू."

जेवू लागले. हळूहळू बादली वाहायची थांबली. सगळं गेलं असं मात्र म्हणवत नाही. आईही सगळ्यांच्या मागून उरलेलंच खायची, तिची पापणी कोणी ओढून पाहिली नाही. मला तिचं काय लागलं, रक्त की सोमवार? हे डोक्यातून जात नाही.

परवा थोरली म्हणाली, "आई, श्रावण आला. मी पण सोमवार धरू?"

"धर गं बाई, आईसारखी," सासूबाई खूश.

"नको," मी म्हणाले. या घरात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. पुरुषांची जेवणं व्हायची होती, तरी तिचं ताट वाढलं आणि शेजारी माझंही.

पोर गप्प बसून भात चिवडत होती. ती अशी गप्प बसली की मला चुलीपुढची आई दिसते. तरी मी तिच्यासमोर जेवले.