जॉश मोठा की विली

सेंटर अव्हेन्यूवरच्या डेल्फिनच्या सलूनमध्ये रॉस्को लॅटिमर बोलायला लागला की समोरच्या बस थांब्यावरची माणसंही मान वळवून बघायची. पिट्सबर्गच्या चढउतारांवर त्यानं उभा जन्म सिटी बस चालवली, पण थांब्यांची नावं पुकारायला त्याला कधी भोंगा लागला नाही. निवृत्तीनंतर तो आवाज मोकळा झाला, आणि दर शनिवारी सकाळी, गेली चाळीस वर्षं चालत आल्याप्रमाणे, एकाच कामाला जुंपला जायचा: बेसबॉलमध्ये आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण, ते विलर्ड प्रुइटच्या गळी उतरवायचं.

विलर्ड हा निवृत्त पोस्टमन. अंगानं काटकुळा, आवाजानं मऊ, पण जिभेला धार. दोघंही इथंच, हिल या काळ्यांच्या जुन्या वस्तीत वाढले, एकाच शाळेत मार खाल्ला, एकाच चर्चमध्ये पेंगले. बाकी सगळ्या बाबतींत त्यांचं पटायचं. फक्त रॉस्कोचा देव जॉश गिब्सन आणि विलर्डचा विली मेज.

"जॉशनं मारलेला चेंडू खाली यायला इतका वेळ लागायचा," रॉस्को खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणायचा, "की लोक तेवढ्यात सँडविच खाऊन हात पुसून मोकळे व्हायचे!"

"आणि हे तू कुठून बघितलंस? पाळण्यातून?" विलर्ड वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारायचा.

रॉस्कोचं सगळं घोडं तिथंच पेंड खायचं. सत्तेचाळीसच्या जानेवारीत जॉश गेला, तेव्हा रॉस्को जेमतेम महिन्याचा होता. जॉश खेळला तो काळ्यांच्या वेगळ्या संघांतून, कारण गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेचं दार बंद होतं. ते उघडलं त्याच वर्षीच्या वसंतात, आणि जॉश तोवर मातीआड झाला होता. त्यामुळे त्याच्या खेळाचा हिशेब कुणी मोठ्या पुस्तकात धरलाच नव्हता.

"मी विलीला या डोळ्यांनी पाहिलंय," विलर्ड पुढे म्हणायचा. "इथल्या जुन्या फोर्ब्स फील्ड मैदानावर. चेंडू बॅटवरून सुटायच्या आधी हा माणूस धावायला लागलेला असायचा. टोपी मागे पडायची, चेंडू पुढे पडायचा नाही. तो मारायचा, झेलायचा, पळायचा, फेकायचा. तुझा जॉश मारायचा. मारायला काय, माझी बायकोही मारायची."

सलून हसायचं. डेल्फिन कात्री थांबवून म्हणायची, "मिस्टर विलर्ड, मान सरळ ठेवा, नाहीतर कान जाईल." ती पन्नाशीची बाई वडिलांमागं दुकान चालवत होती. हा वाद तिला अंगाईसारखा कानावर पडलेला. कोण जिंकतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. वाद तापला की गिऱ्हाईकं उठत नाहीत आणि दाढीही करून घेतात, एवढं तिला ठाऊक होतं.

मग दोन हजार चोवीसच्या मे अखेरीला ती बातमी आली. मोठ्या स्पर्धेवाल्यांनी जाहीर केलं, की काळ्यांच्या संघांतले आकडे आता त्यांच्या अधिकृत इतिहासात धरले जातील. आणि ते धरल्यावर फलंदाजीच्या सरासरीत सर्वकाळचा पहिला नंबर जॉश गिब्सनचा: हजार संधींमागं यशस्वी फटके तीनशे बहात्तर. शंभर वर्षं त्या जागेवर बसलेल्या गोऱ्या खेळाडूला एक पायरी खाली उतरावं लागलं होतं.

त्या शनिवारी रॉस्कोनं इस्त्रीचा शर्ट घातला. त्याची बायको अर्लीन म्हणाली, "लग्नाला निघालास की काय?"

"मयताला," रॉस्को म्हणाला. "विलर्डच्या."

सलूनमध्ये शिरला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेल्फिननं रताळ्याची गोड पाई भाजून आणली होती. कुणीतरी मोबाइलवर तो आकडा मोठा करून आरशाला टेकवून ठेवला होता. रॉस्कोनं हात वर करून सगळ्यांचं अभिवादन घेतलं आणि विलर्डपुढं जाऊन उभा राहिला. त्यानं आठवडाभर एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. विलर्ड आता वाकडं बोलेल, मग आपण असं म्हणू, मग तो तसं म्हणेल.

विलर्ड उठला. गुडघे धरत, हळूहळू. त्यानं हात पुढे केला.

"जिंकलास बाबा," तो म्हणाला. "आता लिहूनच आलंय. मी काय बोलणार?"

रॉस्कोनं हात मिळवला. पाई खाल्ली, छान झाली होती. पण घासूनपुसून ठेवलेलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही, आणि अकराच्या सुमारास गप्पा रस्त्यावरच्या खड्ड्यांवर गेल्या.

दुपारी तो घरापुढच्या पायऱ्यांवर बसून राहिला. अर्लीन भेंडी चिरायला बाहेर येऊन बसली.

"जिंकलास ना? मग तोंड असं का, घर जळाल्यासारखं?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला पन्नास वर्षं माहीत आहे," ती म्हणाली, पण खोदत बसली नाही.

रॉस्कोच्या डोक्यात त्याचा बाप होता. क्लीओफस लॅटिमर अलाबामातून आला आणि नदीकाठच्या पोलाद कारखान्यात लागला. त्या गडगडाटानं त्याचे कान हळूहळू खाल्ले. रॉस्कोला मिसरूड फुटेपर्यंत बाप जवळजवळ ठार बहिरा झाला होता. आधीच कमी बोलणारा माणूस. ऐकू येईनासं झाल्यावर तर घरात असून नसल्यासारखा. जेवताना डोळे ताटात. हाक मारायची तर फरशीवर पाय आपटावा लागे. रॉस्कोला मोठ्यानं बोलायची सवय लागली ती बसमध्ये नव्हे, त्या जेवणाच्या टेबलावर.

एकाच गोष्टीला तो माणूस खुलायचा. रॉस्को त्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचा, "जॉश!" की बापाच्या चेहऱ्यावरचा पडदा कुणीतरी सारल्यासारखं व्हायचं.

"आवाज," बाप म्हणायचा. "लोक म्हणतात किती लांब गेला, किती उंच गेला. ते जाऊ दे. आवाज ऐकायला हवा होतास. आमच्याकडे पाइनचं झाड पडायच्या आधी कुऱ्हाडीचा शेवटचा घाव कसा वाजतो, तसा. कोरडा. आणि मग सगळं मैदान गप्प. तो अजून येतो मला ऐकू. तुझ्या आईचा आवाज गेला, तुझा गेला. तो आहे."

तेवढं बोलून पुन्हा ताटात मान. रॉस्कोला बापाकडून मिळालेलं बोलणं एवढंच. बाप गेल्यावर शनिवार ते शनिवार तो जॉशसाठी भांडत राहिला, आणि आपण नेमकं कशासाठी भांडतोय हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. आता तो पडला. बापानं कधी आकडा सांगितला नव्हता. तीनशे बहात्तर या आकड्यात कुऱ्हाड नव्हती, पाइन नव्हतं, गप्प झालेलं मैदान नव्हतं. आणि आकडा आल्यापासून जॉशचं नाव काढायला रॉस्कोपाशी निमित्तही उरलं नव्हतं.

पुढचे दोन शनिवार असेच मिळमिळीत गेले. रॉस्को मुद्दाम डिवचायचा, "विलीचे हात लहान होते म्हणे."

"असतील," विलर्ड म्हणायचा.

डेल्फिन वैतागली. "तुम्ही दोघं गप्प बसलात की लोक मला बायकोच्या तक्रारी सांगतात. काहीतरी भांडा की."

जूनच्या मध्यावर, एका मंगळवारी, विली मेज गेला. त्र्याण्णव वर्षांचा होता. रॉस्कोनं विलर्डला फोन केला, उचलला नाही. बुधवारी केला; उचलला नाही. गुरुवारी संध्याकाळी बर्मिंगहॅमच्या जुन्या मैदानावर, जिथं विली पोरसवदा असताना काळ्यांच्या संघातून खेळला होता, तिथं मोठ्या स्पर्धेचा सामना होता. तो आधीच ठरलेला होता. आता त्याला श्रद्धांजलीचं रूप आलं होतं. रॉस्कोनं कोपऱ्यावरून तळलेल्या माशाची दोन सँडविचं घेतली आणि वेबस्टर अव्हेन्यूचा चढ धापा टाकत चढला.

विलर्डनं दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात बनियन. टीव्ही चालू होता, आवाज बंद.

"तिखट सॉस आणलास?"

"आणलाय."

"मग ये."

दोघं बसले. पडद्यावर हिरवंगार मैदान, जुन्या घाटाचे गणवेश, रडवेली म्हातारी माणसं. रॉस्कोनं अर्धं सँडविच संपवलं. वर येताना त्यानं मनाशी काहीतरी ठरवलं होतं.

"विलर्ड, ऐक. मी विचार केला. सगळ्या बाजूंनी खेळ धरला ना, तर विलीच मोठा. मी मान्य करतो."

विलर्डनं सँडविच खाली ठेवलं. त्याच्या कपाळावरची शीर वर आली.

"पुन्हा बोल."

"विलीच मोठा, म्हणतो मी."

"चालता हो माझ्या घरातून!"

"अरे, पण…"

"माणूस मेला म्हणून त्याच्या ताटात दया वाढतोस? चाळीस वर्षं तू मला एक इंच दिला नाहीस. म्हणून तर मला वाटायचं, माझ्या बोलण्याला काही वजन आहे. आता फुकट देतोस? विलीला नको तुझी भीक. मलाही नको."

"मग तू का दिलास? सलूनमध्ये हात पुढे केलास तो? तेव्हा नाही भीक झाली?"

विलर्डनं सँडविच पुन्हा उचललं. मग म्हणाला, "ते वेगळं. छापून आलं होतं."

"छापून आलं ते चुलीत घाल!" रॉस्को ओरडला, आणि आपणच ओरडलो याचं त्याला नवल वाटलं. "मी काय आकड्यासाठी भांडत होतो? माझ्या बापानं ऐकलं होतं त्याला. ऐकलं, कळलं? नंतर कारखान्यानं कान नेले त्याचे, पण तेवढा आवाज राहिला आत. माझ्याशी बापाचं दुसरं बोलणं नव्हतंच. तू जॉशला शिव्या घालायचास आणि मी उलट ओरडायचो, तेव्हा मला… जाऊ दे. तुझंही असेल कुणीतरी. विली बघायला कुणाबरोबर गेला होतास?"

"एकटा," विलर्ड म्हणाला.

"भाऊ वगैरे?"

"एकटा. शाळा बुडवून. माझ्या मागं कसली करुण कहाणी लावू नकोस. मला तो धावताना आवडायचा, बस. माणसाला एवढं पुरत नाही का?"

रॉस्कोला हसू आलं. विलर्ड मात्र हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता, पण खेळ बघत नव्हता.

"तुझा बाप बहिरा होता? शाळेपासून कधी बोलला नाहीस."

"ठार."

"मी डाक टाकायचो तुमच्या घरी. नवीन नवीन लागलो होतो तेव्हा. तो पायऱ्यांवर बसलेला असायचा. मी नमस्कार करायचो, तो ढुंकून बघायचा नाही. मला वाटायचं, काय खडूस म्हातारा आहे. चर्चमध्येही गायचा नाही, नुसता उभा." विलर्डनं चष्मा काढून बनियनला पुसला. "मी डाकेच्या पिशवीत छोटा रेडिओ ठेवायचो, साहेबाला न कळत. एकदा तुमच्या पायऱ्यांशी थांबून पत्रं लावत होतो, सामना चालू होता. तुझ्या बापानं तो रेडिओ पाहिला आणि त्यावर हात ठेवला. असा, सपाट. बराच वेळ. मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. मी म्हटलं, विली मेज खेळतोय! तोंड त्याच्याकडं होतं, ओठ कळले असतील त्याला. त्यानं मान हलवली. नाही, अशी. आणि म्हणाला, 'जॉश.'"

रॉस्कोनं हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"बस एवढंच. 'जॉश.' आणि हात काढून घेतला," विलर्ड म्हणाला. "म्हणजे तुझ्याआधी तुझा बाप माझ्याशी भांडला होता. एका शब्दात. तुझ्यापेक्षा बरा भांडला."

रॉस्कोनं तोंड पुसायचा कागद घेतला आणि डोळ्यांना लावला. बापाला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि आज त्याच्या तोंडचा एक नवा शब्द हाती आला होता. शब्द जुनाच, पण आजवर कुणी न दिलेला.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू बोलू दिलंस कधी?"

विलर्डनं टीव्हीचा आवाज वाढवला. एका पोरगेल्या खेळाडूनं चेंडू उंच मारला, आणि मधल्या मैदानातला दुसरा मागे मागे पळत जाऊन चुकला.

"बघ," विलर्ड म्हणाला, "इथं विली आधीच पोचला असता. टोपी कुंपणापाशी आणि चेंडू हातात."

"जॉशनं मारला असता तर पोचायला त्याला रेल्वेचं तिकीट काढावं लागलं असतं."

"तुझा बाप शहाणा माणूस होता, रॉस्को. पण या बाबतीत साफ चुकला होता."

"बापावर जाऊ नकोस."

"चाळीस वर्षं जातोय. आज कळलं, एवढंच."

पुढच्या शनिवारी डेल्फिनच्या सलूनमध्ये दोघंही दहाच्या आधी हजर होते आणि अकरापर्यंत कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. एक नवं गिऱ्हाईक, विद्यापीठाजवळ राहायला आलेला सज्जन माणूस, मध्ये तोंड घालून नम्रपणे म्हणाला, की हा प्रश्न आता सुटलेला आहे, अधिकृत आकडा तीनशे बहात्तर असा आहे.

दोघंही एकदम त्याच्याकडं वळले.

"तुम्हाला कुणी विचारलं?" विलर्ड म्हणाला.

"बसा, बसा," रॉस्को त्याला खुर्ची सरकवत म्हणाला. "डेल्फिन, यांचे केस सावकाश काप. मी यांना आधी पाइनच्या झाडाचं सांगतो."