एका तासाचा वारा

कल्पना करा, तुम्ही मैदानाच्या कोपऱ्यात उभे आहात. चेंडू चुन्याच्या रेघेवर, गालावर समुद्राचा वारा. गोल समोर दिसतोय, पण तिकडे मारायचं नाही. बंदरातल्या शेवटच्या बोटीच्या डोलकाठीवर नेम धरायचा. बाकीचं वारा करतो.

जिल्दास ल मुएल हे सातव्या वर्षी शिकला. एकविसाव्या वर्षी एका मोठ्या शहराच्या क्लबने त्याला नेलं. तिथलं स्टेडियम चहूबाजूंनी उंच, आत वारा शिरायचाच नाही. जिल्दासचे कॉर्नर सरळ गोलमागच्या प्रेक्षकांत जायचे. तीन हंगामांनी तो फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या आपल्या बंदरावर परतला, बर्फाच्या कारखान्यात लागला आणि गावच्या संघाचा प्रशिक्षक झाला. त्या गोष्टीलाही आता सव्वीस वर्षं झाली. संघातले सगळे मासेमारी करणारे, म्हणून भरती-ओहोटीचं पुस्तक कायम त्याच्या खिशात.

मार्चच्या शेवटच्या रविवारी क्लबची अध्यक्ष स्वाझिग तव्यावर गालेत, म्हणजे तिथली कुट्टूची धिरडी, उलटत त्याला म्हणाली, "आज जिंकलास तर ठीक. नाहीतर पुढच्या रविवारपासून माझ्या शेजारी गालेत भाजायला उभा राहा. समितीने दुसरा माणूस बघून ठेवलाय."

"कांदा बारीक चिरून ठेव, जिंकून येतो," जिल्दास म्हणाला. पण हात खिशातल्या पुस्तकावर गेला. चारला भरती फिरणार, आणि तिच्याबरोबर वाराही. कर्णधार एवेनला त्याने जवळ ओढलं. "पहिल्या अर्ध्यात वारा पाठीवर घे. मध्यंतरात आपण बाजू बदलू, तेव्हा वाराही बदलेल. दोन्ही वेळा आपल्याच पाठीवर!"

मध्यंतराला संघ दोन गोलांनी पुढे होता. चार वाजले. वारा फिरला नाही. सव्वाचारलाही तो समोरूनच तोंडात वाळू फेकत होता. पाहुण्या संघाने दोन्ही गोल फेडले.

"कोच, कुठाय तुमचा वारा?" एवेन ओरडला. "बर्फात ठेवलाय का?"

स्वाझिग उलथनं घेऊनच धावत आली. "अरे, पुस्तक हिवाळ्याच्या वेळेचं असतं! आज पहाटे उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे गेली, तो तास मिळवायचा! कालच्या पोराला कळतं हे!"

जिल्दासचा चेहरा उतरला. एवढ्यात चेंडू भिंतीवरून बंदरात गेला. म्हातारा फान्श नेहमीप्रमाणे होडी वल्हवत, जाळीने तो काढायला निघाला. त्या दुपारची ही चौथी खेप. पंचाने तेवढा वेळ वाढवून दिला. पाण्यावर ऊन पसरलं होतं, आणि फान्श जणू दुसऱ्याच कुठल्या रविवारी वल्ही मारत होता.

चर्चमध्ये पाचचे ठोके पडले तेव्हा गावाला शेवटचा कॉर्नर मिळाला. एवेनने सवयीने डोलकाठीकडे पाहिलं. जिल्दासनेही पाहिलं. काठीवरचं फडकं हळूहळू खाली आलं आणि लोंबकळत राहिलं. भरती थांबली होती. गालावर काहीच लागत नव्हतं. ही पोकळ शांतता त्याच्या ओळखीची होती, त्या उंच स्टेडियममधली.

"एवेन! वारा नाहीये! सरळ मार!"

एवेन क्षणभर थबकला, मग त्याने गोलाकडे तोंड केलं. चेंडू सुतासारखा गेला, कुणाच्या तरी कपाळाला लागला आणि जाळ्यात शिरला.

स्वाझिगने जिल्दासच्या हातात गरम गालेत कोंबली. "वाचलास, मेल्या."

मैदान रिकामं झालं. आता वारा खरोखरच फिरला होता, जमिनीवरून समुद्राकडे. जिल्दास कोपऱ्यातल्या निशाणापाशी उभा राहिला, गालेत हातात निवत गेली. त्या स्टेडियमच्या कडेलाही एक प्रशिक्षक रोज उभा असायचा. पोरगा नसलेल्या वाऱ्यासाठी नेम धरतोय, हे त्याला दिसत होतं का? आणि दिसत होतं, तर तो तीन वर्षं गप्प का राहिला?